आधी काचेला विचारा

घरात काही फुटलं की आपल्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'कोणी?'. कप असो, आरसा असो, माशांची टाकी असो. टाकीच्या बाबतीत हा प्रश्न जरा जास्तच चढ्या आवाजात येतो. फरशीभर पाणी झालेलं असतं, शेजारीच एक्स्टेंशन बोर्ड असतो, खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या छताची धास्ती असते आणि दहा-बारा वर्षांचं एक मूल नेमकं त्याच खोलीत उभं असतं. आरोपी समोर, पुरावा जमिनीवर. निकाल लागायला कितीसा वेळ लागणार?

पालकहो, विनंती एवढीच की निकाल देण्याआधी काचेची साक्ष काढा. ती बोलते. साध्या काचेवर बाहेरून घाव बसला, म्हणजे बॉल लागला, हातातून दगड निसटला, तर जिथे घाव बसतो तिथून रेषा चहूबाजूंना फुटतात आणि मध्यभागी काच चुरडल्याची खूण राहते. ताणाने तडकलेली काच वेगळी दिसते. तिच्यावर घावाची खूण नसते. बहुतेक वेळा एकच रेषा असते, ती काचेच्या कडेपासून निघते आणि वळत वळत आत जाते. मोबाइलचा टॉर्च काचेला आडवा धरला की ती रेषा कुठून निघाली ते स्पष्ट दिसतं. हे बघायला पाच मिनिटं पुरतात, आणि तेवढ्या वेळात आपलाही आवाज खाली येतो.

नेरुळला आमच्या इमारतीत सातवीतला एक मुलगा आहे. मे महिन्याच्या सुट्टीत त्याने आणि त्याच्या बाबांनी मिळून टाकी बनवली होती. दोन फूट लांब, एक फूट रुंद, पंधरा इंच उंच. त्यात गप्पी, मॉली आणि काचेवरचं शेवाळ खायला ठेवलेला एक सकर. पावसाळ्यात एका सकाळी टाकीखालून पाणी झिरपायला लागलं. आदल्याच संध्याकाळी हा पठ्ठ्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या बॉलने क्रिकेट खेळला होता, त्यामुळे घरात कोणाला शंका म्हणून उरली नव्हती. माशांचा माझा जुना नाद इमारतीत ठाऊक आहे, म्हणून मला बोलावणं आलं. मुलगा दाराआड उभा. बाबा म्हणाले, "किती वेळा सांगितलं होतं याला, हॉलमध्ये बॉल नको म्हणून!"

पाणी उपसलं, मासे बादलीत गेले आणि मग आम्ही टॉर्च लावला. तडा तळाच्या काचेला होता. मागच्या कडेपासून निघून टाकीच्या मधोमध आलेला, एकच, बारीक. घाव कुठेच नाही. आणि तळाच्या काचेला बॉल लागणार तरी कसा? मुलाला म्हटलं, "तुझ्या कंपासमधली स्टीलची पट्टी आण बरं." टाकी ज्या टीव्ही युनिटवर होती त्याच्या फळीवर ती पट्टी उभी धरली. दोन्ही टोकं टेकली, पण मध्ये पट्टीखालून उजेड दिसत होता. युनिट पार्टिकल बोर्डचं. पाणी बदलताना थेंब थेंब सांडून आणि पावसाळ्याची ओल पिऊन बोर्ड कडांना फुगला होता आणि मध्ये वजनाने दबला होता. टाकीखाली थर्माकोलही नव्हता. म्हणजे सगळा भार दोन कडांवर आणि मधली काच अधांतरी. बाबांनी पट्टी स्वतःच्या हातात घेतली, दोनदा फिरवून पाहिली आणि म्हणाले, "युनिट मीच निवडलं होतं." दाराआडचा मुलगा तोवर पुढे येऊन फळीसमोर गुडघे टेकून बघत होता.

घरी बनवलेल्या टाक्या तडकतात त्याची कारणं बहुतेक वेळा अशीच असतात. स्टँड समपातळीत नसतो. टाकीखाली वाळूचा एखादा खडा राहून गेलेला असतो. काच पातळ घेतलेली असते. सजावटीचा दगड वाळूवर न ठेवता थेट काचेवर टेकवलेला असतो. किंवा पाणी पूर्ण न काढताच कोणीतरी टाकी सरकवलेली असते, आणि तो कोणीतरी बहुधा मोठा माणूस असतो, कारण लहानांना ती हलत नाही. काचेत पडलेली चीर लगेच धावतेच असंही नाही. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो, हे ए. ए. ग्रिफिथ नावाच्या इंग्रज अभियंत्याने काचेवरच्याच प्रयोगांतून १९२१ साली मांडलं. त्यात ओल मिळाली की चिरेचं टोक हळूहळू पुढे सरकत राहतं. म्हणजे मे महिन्यात बसलेला ताण श्रावणात बोलू शकतो. काल खेळलेल्या बॉलचा त्याच्याशी काडीचा संबंध नसतो.

बर्लिनच्या एका हॉटेलात 'अ‍ॅक्वाडोम' नावाचं उभं, नळकांडं असावं तसं प्रचंड मत्स्यालय होतं. दहा लाख लिटर पाणी, सुमारे दीड हजार मासे. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते फुटलं. रस्त्यापर्यंत पाणी गेलं. तज्ज्ञांनी महिनोन्महिने तुकडे तपासले, तरी ठाम असं एक कारण त्यांना सांगता आलं नाही. आपण मात्र हॉलच्या दारातून एक नजर टाकून गुन्हेगार ठरवतो!

आता समजा, काचेने सांगितलं की बॉलच लागला होता. तर मग बोला. पण तेही नंतर. आधी मासे.

पहिलं काम तुमचं, मुलाचं नाही: मेन स्विच बंद करा. हीटर, पंप, दिवा यांच्या वायरी पाण्यात असतात आणि फरशी ओली असते. वीज बंद होईपर्यंत त्या पाण्यात कोणीही हात घालायचा नाही. त्यानंतरची कामं मुलाला द्या, आणि खरीखुरी द्या. बादली साबण न लागलेली हवी. तिच्यात टाकीतलंच पाणी घ्यायचं, नळाचं नाही. फरशी कोरडी करून वीज परत सुरू केली की हवेचा पंप त्या बादलीत लावायचा, वर जाळी किंवा झाकण ठेवायचं, कारण घाबरलेला मासा उडी मारतो. पंपाला जोडलेला स्पंज फिल्टर असेल तर तोही तसाच, न धुता, बादलीत.

'न धुता' याचं कारण मुलाला जरूर सांगा, कारण टाकीचा सगळा जीव त्या मळकट स्पंजात असतो. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि अमोनिया माशांना विष. स्पंजावर वाढलेले जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने सोसण्यासारखं असतं. ही वस्ती बसायला काही आठवडे लागतात, आणि नळाखाली स्पंज खळखळून धुतला की क्लोरीन ती मारून टाकतं. नवी मुंबईच्या बऱ्याच भागाच्या नळाला मोरबे धरणाचं पाणी येतं. भोकरपाड्याच्या केंद्रात ते शुद्ध होऊन येतं, ते आपल्यासाठी. ते क्लोरीन आपल्याला उपकारक, माशाच्या कल्ल्यांना नाही. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. घाई असेल तर माशांच्या दुकानात मिळणारे हायपोचे खडे वापरतात. बादलीतल्या दिवसांत रोज थोडं पाणी बदलायचं आणि खाणं अगदी चिमटीभर द्यायचं. मासे काही दिवस उपाशी राहू शकतात, मात्र सडलेल्या खाण्यात राहू शकत नाहीत. आजीला हे दोनदा सांगावं लागेल. ती 'बिचारे' म्हणत डबा उघडतेच.

त्या मुलाच्या दोन मॉली तिसऱ्या दिवशी मेल्या. इथे मला पालकांशी जरा रोखठोक बोलायचं आहे. अशा वेळी घरोघरी दोन गोष्टी होतात. एक, मूल शाळेत असताना बाबा गुपचूप दुकानातून तशाच दोन मॉली आणून बादलीत सोडतात. दोन, कोणीतरी म्हणतं, 'माशाने घरावरचं संकट स्वतःवर घेतलं.' दोन्हींमागे माया असते, आणि दोन्ही मला नापसंत आहेत. पहिल्यात मुलाची फसवणूक आहे. मुलं शेपटीवरचा ठिपकासुद्धा ओळखतात, आणि एकदा शंका आली की ती फक्त माशांपुरती राहत नाही. दुसऱ्यात आपण आपलं काम माशावर ढकलतो. मॉली लहान बादलीतल्या ताणाने आणि बहुधा अमोनियाने मेल्या. बादली लहान होती. मोठा टब आणला आणि उरलेले मासे तगले. एवढं खरं सांगितलं की मूल रडतं, मग विचारतं, 'टबमध्ये किती लिटर पाणी मावतं?' या प्रश्नापर्यंत त्याला जाऊ द्या.

अशा वेळी आणखी एक गोष्ट सर्रास होते आणि तिच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. टाकी फुटली की उरलेले मासे 'देवाघरी पाठवण्यापेक्षा मोकळे सोडू' म्हणून जवळच्या तलावात किंवा पावसाचं पाणी साठवणाऱ्या होल्डिंग पाँडमध्ये सोडले जातात. हे मुळीच करू नका. खाडीचं पाणी आत येत असेल अशा ठिकाणी गोड्या पाण्याचे बरेच मासे तडफडून मरतात. गोड्या पाण्यात जे तगतात ते तिथल्या माशांच्या मुळावर येतात. टाकीत बोटभर दिसणारा सकर मोकळ्या पाण्यात हातभर होतो. उजनीच्या मच्छीमारांना विचारा, जाळ्यात सकर आला की ते काय म्हणतात! ठाण्याची खाडी आपल्या दाराशी आहे. तिथे निवट्या आहेत, बोईट आहे, चिंबोऱ्या आहेत, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. २०२२ पासून ती महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तिला आपल्या मॉलींची गरज नाही. मासे ठेवायचे नसतील तर मासे पाळणाऱ्या दुसऱ्या घरी द्या, दुकानदारही परत घेतात.

मासे मार्गी लागले की घरात दोन मतं होतात. एक मत, 'पुरे झाला तो पसारा.' दुसरं, 'संध्याकाळी कुर्ल्याला जाऊन तयार टाकी घेऊन येऊ.' कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात किंवा क्रॉफर्ड मार्केटला तयार टाक्या ओळीने लागलेल्या असतात, आणि खरं सांगायचं तर पैशांचा हिशोब केला तर त्या काही फार महाग पडत नाहीत. त्यामुळे 'दुरुस्तीत पैसे वाचतात' असं मी तुम्हाला सांगणार नाही. तरीही टाकी स्वतः बनवलेली असेल तर ती स्वतःच पुन्हा बांधावी, या मताचा मी आहे. मुलाने जी वस्तू हाताने उभी केली ती फुटल्यावर चोवीस तासांत विकतची आणून ठेवली, तर त्याच्या मे महिन्याच्या कष्टांना तुम्ही न बोलता खेळणं ठरवता. आणि तिसरा एक प्रकार असतो: 'घटक चाचणीत नव्वद टक्के मिळव, मग टाकी परत लावू.' कृपा करा. बादलीतल्या माशांना चाचणीच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नसतं.

आपल्या पिढीला मासे दाखवायला तारापोरवाला मत्स्यालय होतं. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये ते उघडलं. शाळेची सहल म्हटली की ते, राणीची बाग आणि म्हातारीचा बूट हे ठरलेलं. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते नव्याने सुरू झालं आणि २०२० मध्ये कोविडच्या टाळेबंदीत बंद पडलं. आज सातवीत असलेल्या नवी मुंबईतल्या कितीतरी मुलांनी ते आतून पाहिलेलंच नाही. हॉलमधली दोन फुटांची टाकी हेच त्यांचं तारापोरवाला आहे. ती लोकांसाठी कधी खुली करायची हे आपल्या हातात आहे, एवढाच फरक.

आता दुरुस्ती. बाहेरून तड्यावर सिलिकॉन फासलं की गळती काही काळ थांबते, म्हणून बरेच जण तेवढ्यावर भागवतात. जिथे मुलं वावरतात त्या घरात हे नको. गळती थांबली तरी काचेवरचा ताण तसाच असतो. तो किती, हे मुलाकडून काढून घ्या. ज्याला आठवी-नववीचं गणित येतं त्याला जमेल. पंधरा इंच म्हणजे अडतीस सेंटिमीटर खोल पाणी, दोन फुटांची काच. काठोकाठ भरली तर समोरच्या एका काचेवर पाण्याचा रेटा सुमारे ४४ किलो वजनाइतका येतो. आणि हा रेटा टाकीत पाणी किती आहे यावर ठरत नाही, फक्त खोलीवर ठरतो. त्या काचेमागे एक फूट पाणी असलं काय नि वाशीची अख्खी खाडी असली काय, खाऱ्या पाण्याचा किंचित फरक सोडला तर रेटा तेवढाच. हे ऐकून मुलं हमखास वाद घालतात. घालू द्या. वाद मिटवायला बाटलीला वर, मध्ये आणि खाली भोकं पाडून बघायचा जुना प्रयोग आहेच.

म्हणून तडकलेली काच बदलायची. त्यासाठी जुना सांधा कापावा लागतो, आणि तिथे ब्लेडपेक्षा कामाला येते ती तंगूस. मासेमारीच्या दुकानातली नायलॉनची तंगूस घ्यायची, दोन टोकांना लाकडाच्या काड्या बांधायच्या आणि दोन काचांमधल्या सिलिकॉनमध्ये ती घालून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. आमच्या त्या सातवीच्या मुलाने हे काम बाबांना करू दिलं नाही. हातात जाड मोजे घालून, जीभ दातांत धरून तो बराच वेळ ओढत होता. सांधा सुटला तेव्हा काच 'टक्' करून हलली आणि दोघांनी एकदमच श्वास सोडला. त्याच्या आईने मग चहा टाकला.

उरलेलं जुनं सिलिकॉन खरवडून काढायचं काम मात्र कंटाळवाणं आणि महत्त्वाचं. जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनवर नवं नीट धरत नाही. एक पापुद्रा राहिला तरी नेमकी तिथूनच गळती लागते. तळाची काच बदलायची तर चारही बाजूंचे सांधे तसेही सुटतात, त्यामुळे सगळीच टाकी उकलून सगळ्या काचा साफ करणं शहाणपणाचं. ब्लेड तुमच्या हातात असू द्या. काच पुसायला साधं अ‍ॅसिटोन घ्या. नेलपेंट काढायच्या बाटलीत कधी कधी तेलकट घटक असतात, ती नको. उघड्या कडा तुम्ही हाताळा, मुलाने नाही. नवी काच घेताना काचवाल्याला कडा घासून द्यायला सांगा, म्हणजे निम्मी भीती जाते.

काचवाल्याशी मुलाला बोलू द्या. कुठल्याही सेक्टरमध्ये प्लायवूडच्या दुकानाशेजारी काचेचं दुकान असतंच. तिथे जाऊन 'दोन बाय एकची काच द्या' म्हटलं की तो आधी जाडी विचारतो. पंधरा इंच उंचीच्या या मापाला पाच एमएमपेक्षा पातळ घेऊ नका, तळाला सहा घेतलेली बरी. आजूबाजूच्या काचा बदलायच्या असतील तर मापात एक गोम आहे. लांब काचा तळावर काठाकाठाने उभ्या राहतात आणि बाजूच्या आखूड काचा त्यांच्यामध्ये बसतात. म्हणजे एक फुटाच्या ३०५ मिलिमीटरमधून दोन काचांची जाडी १० मिलिमीटर वजा, सिलिकॉनच्या फटींसाठी साधारण दोन मिलिमीटर वजा. २९३ उरले. ही वजाबाकी मुलाने आधी कागदावर केलेली असली की काचवालाही त्याच्याकडे बघून बोलतो, तुमच्याकडे नाही. एक लक्षात ठेवा: टफन केलेली काच नंतर कापता येत नाही, ती कापायला गेलं की तिचा भुगा होतो. मागायची ती साधी काच.

सिलिकॉन घेताना ट्यूबवरची अक्षरं मुलाकडून वाचून घ्या. बुरशीरोधक म्हणून बाथरूमसाठी विकलं जाणारं सिलिकॉन नको. त्यातलं बुरशी मारणारं रसायन माशांनाही सोडत नाही. मत्स्यालयासाठीचं किंवा कोणतंही रसायन न मिसळलेलं साधं अ‍ॅसेटिक सिलिकॉन घ्यायचं. लावताना त्याला व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. खिडक्या उघड्या ठेवा, दमा असलेल्या मुलाला थोडा वेळ दुसऱ्या खोलीत बसवा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना मास्किंग टेप चिकटवणं हे काम लहान बोटांचंच. टेप सरळ लागली तर सांधा सरळ येतो. सिलिकॉनची रेघ एका दमात ओढायची, मध्ये थांबली की तिथे हवेचा बुडबुडा राहतो. काचा फार घट्ट दाबायच्या नाहीत, मध्ये सिलिकॉनचा पातळ थर राहायलाच हवा. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट आतल्या कोपऱ्यातून फिरवायचं आणि सिलिकॉनवर साय धरायच्या आत टेप ओढून काढायची.

इथपर्यंत सगळ्यांचा उत्साह टिकतो. खरी परीक्षा पुढे असते. सिलिकॉन हवेतल्या ओलीने घट्ट होतं, बाहेरून आत, दिवसाला जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. त्यामुळे नवी मुंबईचा पावसाळा या एका कामाला चांगला. कपडे वाळत नाहीत, सिलिकॉन मात्र छान जमतं. (काच लावताना ती पूर्ण कोरडी हवी, हे वेगळं.) हाताला कोरडं लागलं तरी आतून ते ओलंच असतं, म्हणून आठवडाभर टाकीला हात लावायचा नाही. हा आठवडा मुलांपेक्षा मोठ्यांना जड जातो, असं मी पाहिलं आहे. मूल रोज उठून सांधा हुंगून बघतं, वास कमी झाला का ते सांगतं. बाबा मात्र रविवार आला की म्हणतात, 'झालं असेल, आजच भरू, उद्यापासून मला वेळ नाही.' बाबा, तुमच्या रजेवर सिलिकॉन वाळत नाही.

मधल्या आठवड्यात बूड सुधारून घ्या. दोन फुटांची ही टाकी पाणी, वाळू, दगड धरून ९० किलोच्या आसपास जाते. एक जड माणूस रात्रंदिवस एकाच जागी उभा. पार्टिकल बोर्डचं युनिट त्यासाठी नाही. लोखंडी अँगलचा स्टँड, त्यावर जाड प्लायवूड, त्यावर थर्माकोल. आमच्या लहानपणी टाक्याच लोखंडी चौकटीच्या असत, काचा पुट्टीने बसवलेल्या. जड, गंजणाऱ्या, पण तळाला आधार भक्कम. सिलिकॉनने चौकट घालवली आणि आधाराची जबाबदारी आपल्यावर टाकली. पातळी बघायला स्पिरिट लेव्हल नसेल तर मोबाइलमध्ये असते. वायरी मात्र अशा घ्या की प्लगपाशी येण्याआधी त्या प्लगच्या खाली झोळ खाऊन मग वर जातील, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच ठिबकेल. घरात वीजगळती होताच पुरवठा तोडणारी तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवलेली नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवायला हे उत्तम निमित्त आहे.

मग पाण्याची चाचणी. टाकीखाली कडेने वर्तमानपत्राच्या घड्या सरकवायच्या आणि चार बोटं पाणी भरायचं. काही तासांनी कागद कोरडा असेल तर अर्धी टाकी. दुसऱ्या दिवशी पूर्ण, आणि मग दोन दिवस तशीच. कागद तपासायचं काम मुलाचं, आणि त्याने 'ओला आहे' म्हटलं तर ते शेवटचं. तुमच्या डोळ्याला कोरडा दिसला तरी. आमच्या त्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात नाण्याएवढा ओला डाग आलाच. घरात एक क्षण शांतता पसरली. मग बाबा म्हणाले, "कोपऱ्यात बोट थांबलं होतं माझं," आणि मुलगा म्हणाला, "नाही, तिथे टेप मी वाकडी लावली होती." पुन्हा पाणी काढलं, तेवढा कोपरा खरवडला, पुन्हा आठवडा थांबले. कोणी कोणावर ओरडलं नाही. पाहिलंत, आता 'कोणी?' हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता आणि उत्तरं दोन आली.

मासे परत सोडताना टबातलं पाणी आणि टाकीतलं पाणी यांचं तापमान सारखं येऊ द्या. टबातलं जुनं पाणी आणि तो न धुतलेला स्पंज आधी टाकीत जाऊ द्या, मासे शेवटी. पहिले काही आठवडे नवे मासे आणू नका, कितीही हट्ट झाला तरी. घरात रांगतं बाळ असेल तर स्टँडच्या कडांना रबर लावा आणि स्टँड भिंतीला पकडून घ्या, टाकीला टेकून उभं राहायची बाळांची सवय वाईट.

राहता राहिली ती जुनी, तडकलेली काच. ती घराच्या कोपऱ्यात 'कधीतरी कामाला येईल' म्हणून ठेवू नका, आणि ओल्या-सुक्या कचऱ्याच्या पिशवीत तर मुळीच टाकू नका. रोज सकाळी आपल्या दाराशी येणारे सफाई कामगार त्या पिशवीत हात घालतात, बहुतेक वेळा मोज्यांशिवाय. काच वर्तमानपत्रात जाड गुंडाळा, खोक्यात घाला, खोका टेपने बंद करा आणि त्यावर मार्करने मोठ्या अक्षरांत 'फुटकी काच, सांभाळून' असं तुमच्या मुलाकडून लिहून घ्या. मग तो खोका त्यालाच खाली जाऊन कामगाराच्या हातात, सांगून, द्यायला लावा.